हात न लावता

मागच्या खोलीत दोन स्टुलं होती. एकावर आमचे हे बसायचे, दुसऱ्यावर माझी ननंद. मी दारात उभी राहायची, तीसुद्धा हातात चहा असला तर.

हे जालन्याच्या मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, सायन्स शिकवायचे. हैदराबादला कॉलेजात असताना यांनी एका परदेशी यंत्राबद्दल वाचलं होतं आणि तसं आपण करावं हे वेड तेव्हापासून डोक्यात. नव्या जालन्यात कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मागे आम्ही बिऱ्हाड केलं, तेव्हा मागची खोली यांनी यंत्रासाठी ठेवून घेतली आणि ज्वारीची पोती माझ्या चुलीशेजारी आली.

यंत्र दिसायला साधंच. खाली जस्ताची चकती. तिच्यावर अगदी केसभर अंतरावर दुसरी चकती, पोलादी पट्टीला टांगलेली. विजेच्या घंटेतला लोहचुंबक लावून ती पट्टी थरथरती ठेवायची. दोन्ही चकत्या एकमेकींना शिवत नसत. तरी दोन धातूंच्या अंगच्या विजेत फरक असतो, आणि वरची चकती खालीवर झाली की त्या फरकापायी तारेतून बारीकशी वीज ये-जा करते. रेडिओच्या व्हॉल्व्हने ती वाढवली की हेडफोनमध्ये गुणगुण ऐकू यायची. मग एक खुंटी फिरवत बॅटरीचा उलटा दाब द्यायचा. गुणगुण पार बंद झाली, की जेवढा दाब दिला तेवढाच त्या दोन धातूंतला फरक. हात न लावता मोजमाप झालं.

वरच्या चकतीला सोन्याचा मुलामा हवा होता. माझी एक मोडकी बुगडी त्यात गेली. तिचं मला काही वाटलं नाही. पण यांचा एक कान लहानपणी वाहून अधू झालेला, त्यामुळे ऐकायला दुसरं कुणी लागायचं. यंत्र पहिल्यांदा गुणगुणलं तेव्हा मी भाकरी थापत होते. माझे हात पिठाचे, म्हणून यांनी बहिणीला हाक मारली. एवढ्यावरून ठरून गेलं.

ननंद जाफराबादकडे दिली होती. नवरा तापात गेला आणि सासरच्यांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. आली तेव्हा मान वर करत नव्हती. तिच्यासाठी मीही रडले होते. पण हेडफोन कानाला लागल्यापासून ती बदलली. शुक्रवारी मदरशाला सुट्टी, जिनिंगही बंद, जमीन हादरायची थांबलेली. सकाळपासून दोघं आत. "जरा मागं घे दादा... अजून... थांब. गेलं." ती "गेलं" म्हणाली की हे हसायचे. माझ्याशी यांचं बोलणं म्हणजे तेल संपलं का, न्हाणीत पाणी आहे का.

एका शुक्रवारी हे तडक चुलीपाशी आले.

"काय करून राह्यलीस?"

"वरणाला फोडणी."

"तेच. तेलाचा धूर चकतीवर बसून राह्यला. मोजमाप दर खेपेला वेगळं येतंय ते यापायी. शुक्रवारी फोडणी बिलकुल न्हाई द्यायची."

"मंग खायचं काय?"

"आम्ही खाऊ तसंच."

आम्ही. त्या दुपारी मी बिनफोडणीचं वरण वाढलं आणि ननंदेच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिनं तोंड वाकडं करावं असं फार वाटत होतं. तिनं दोनदा मागून घेतलं.

तेव्हापासून मी शुक्रवारी दाराआड निवडणं घेऊन बसायला लागले. दोघं काय बोलतात त्यातलं एकही अक्षर मी सुटू दिलं नाही.

निजामाचं राज्य जायच्या आधीचं वर्ष फार वाईट गेलं. निजामाविरुद्ध निरोप धाडायला कुणाकडे वायरलेस आहे का, याचा शोध चालायचा. कुणीतरी आमचं नाव सांगितलं असावं. एका सकाळी हे मदरशात आणि ननंद बदनापूरला मावशीकडे गेल्ती, तेव्हा पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, दोन शिपाई घेऊन दारात आले. सरळ मागच्या खोलीत गेले. हेडफोन उचलून म्हणाले, "इससे किससे बात करते हैं?"

"किसीसे नहीं साहेब. ये धातू का यंत्र है."

"चलाके बताओ."

या यंत्राला मी कधी हात लावला नव्हता. पण तार कुठली कुठं लागते ते मला पाठ होतं. बॅटरी जोडली. पट्टी थरथरली. अमीनांनी टोपी काढून हेडफोन लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मी खुंटी हळूहळू फिरवली.

"आवाज गया," ते म्हणाले.

"दोनों बराबर हो गये, इसलिये."

त्यांनी खालची चकती जराशी बाजूला सरकवून तिच्यावर बोट टेकवलं आणि परत जागेवर ठेवली. मी खुंटी हलवली नव्हती, तरी गुणगुण पुन्हा सुरू झाली. "उंगली का मैल है," मी सांगितलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, हेडफोन खाली ठेवला आणि शिपायांना चला म्हणाले.

हे आले तेव्हा मी उंबऱ्यावर बसले होते. सगळं ऐकून यांनी विचारलं, "तुला हे कोणी शिकवलं?"

"तुमी दोघांनीच. मी दाराआड असते."

संध्याकाळी ननंद आली. यांनी तिला सगळं रंगवून सांगितलं. ती डोक्यावरचा पदर न काढता ऐकत होती. मग मला म्हणाली, "पूर्ण बंद झाल्तं का वहिनी? का बारीक राह्यलं होतं?" तो जळका सूर मी ओळखला. मनातल्या मनात मी तो रोज ऐकत होते.

पुढच्या शुक्रवारी हे शेजारून तिसरं स्टूल घेऊन आले. हेडफोन आधी मी लावला. गुणगुण थांबली तसं मी "गेलं" म्हणाले. ननंदेनं कानाला लावून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अजून आहे वहिनी." मी खुंटी अजून केसभर फिरवली, तेव्हा ती "गेलं" म्हणाली. तिचा कान माझ्यापेक्षा तिखट होता, त्याला इलाज नव्हता. मी हेडफोन तिला दिला, पण स्टुलावरून उठले नाही. खुंटी माझ्याकडे ठेवली.

पुढे ती शिक्षिका होऊन औरंगाबादला जाईपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो. खुंटी मी फिरवायची, आणि ती "गेलं" म्हणाली की हे तिच्याकडेच बघून हसायचे.