आप्पांची हरवलेली रायफल

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. तीन माणसं एकाच गाळ्यात वर्षानुवर्षं खोट्या बंदुका बनवत बसली की ते आपोआप साठतात. आमचा गाळा वागळे इस्टेटमध्ये, मागच्या गल्लीत. मालिकांना, नाटकांना, गणपतीच्या देखाव्यांना लागणारी हत्यारं आम्ही भाड्याने देतो. सुनील लाकूड आणि पत्रा बघतो, मायकल ऑनलाइन माल मागवतो आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतो, मी रंग मारते. डोंबिवलीहून रोज इथवर येऊन नवीकोरी तलवार जुनी करायची, हे माझं काम. ते करता करता मी स्वतः कधी जुनी झाले ते कळलं नाही.

आधी मजेचे सांगते. नंतरचे सांगताना माझी गाडी अडते.

*

एका मालिकेचा दिग्दर्शक आला. आमची फायबरची रायफल हातात घेऊन म्हणाला, "रिकामी वाटतेय हो. हिला काहीतरी लावा."

बंदुकीला लावायच्या शोभेच्या वस्तू हल्ली ऑनलाइन मिळतात. दुर्बीण, टॉर्च, पुढची मूठ, लेझरची डबी. सगळं प्लास्टिक, आत काही नाही. मायकलने सगळंच मागवलं आणि सुनीलने सगळंच बसवलं. रायफल अशी नटली की मांडवात करवली म्हणून उभी राहिली असती.

शूटिंगच्या दिवशी हिरोने दुर्बिणीला डोळा लावला आणि भडकला. "यातून काहीच दिसत नाहीये!"

मायकल शांतपणे म्हणाला, "सर, तुम्हाला कुठे बघायचंय? लोक तुम्हाला बघणार आहेत."

हिरो इतका खूश झाला की त्याने मायकलला व्हॅनमध्ये बोलावून चहा पाजला.

*

मायकल कोलशेतला राहतो. गाळा बंद असेल त्या दिवशीची पार्सलं त्याच्या घरी जातात. एका रविवारी त्याच्या आईकडे प्रार्थनेला बायका जमल्या होत्या आणि कुरिअरवाल्याने खालून हाक दिली, "मायकल के नाम बंदूक का सायलेन्सर है, कौन लेगा?"

आँटी खाली गेल्या, पार्सल घेतलं, वर आल्या आणि बायकांना म्हणाल्या, "मिक्सरचा पार्ट हाय."

रात्री मायकल म्हणाला, "मम्मी, प्रार्थनेच्या दिवशी खोटं बोललीस?"

"खोटं कुठं? आवाज कमी करायचा पार्ट ना तो? मिक्सरलाच लागतो आपल्या."

*

आता सुनीलच्या आप्पांचं.

आप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्याला जमाना झाला. वर्तकनगरला सुनीलकडेच असतात. मध्यंतरी त्यांची आठवण विस्कटली. सुनीलला ते आपल्या कंपनीतला कोणीतरी जवान समजायला लागले. त्याची बायको मीना त्यांच्या मते दवाखान्यातली सिस्टर. हे दोघांनी गोड मानून घेतलं होतं. पण एका सकाळी आप्पांच्या डोक्यात बसलं की आपली रायफल हरवली आहे.

फौजेत रायफल हरवणं म्हणजे काय ते फौजीच जाणे. आप्पांनी पलंगाखाली शोधलं, माळ्यावर शोधलं, वॉशिंग मशीनमध्ये हात घालून पाहिलं. मग जिन्यात जाऊन बसले. सुनील आणायला गेला तर त्याच्यापुढे हात जोडून म्हणाले, "साहेबांना सांगू नको. मी शोधतोय."

हे रोजचं झालं. त्यांचं जेवण तुटलं. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका. वाद घालतंय कोण? सुनील गाळ्यात यायचा आणि रंधा हातात धरून नुसता बसायचा. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, "अरे, दिवसभर आपण बंदुका बनवतो. एक आप्पांना देऊन टाक ना."

*

मालिकेतून परत आलेली ती नटलेली रायफल सुनीलने घरी नेली. आप्पा तिच्याभोवती फिरले. टॉर्चचं बटण दाबून पाहिलं. दुर्बिणीवर टिचकी मारली.

"कोणाची आहे?"

"तुमचीच, आप्पा."

"माझी लाकडाची आहे. एसएलआर." मग सुनीलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जा, ज्याची आहे त्याला देऊन ये. तोपण शोधत असेल बिचारा."

*

एसएलआर म्हणजे फौजेतली जुनी रायफल, तिचे शोभेचे पार्ट मिळणं महाकठीण. सगळ्यांना नव्या बंदुका हव्यात, आप्पांच्या काळातली कोणाला हवी? मायकलने कुठूनतरी नळीवर बसणारा 'वुडन हँडगार्ड' शोधून मागवला. आला तो प्लास्टिकचा, वर लाकडाचा स्टिकर. सुनील म्हणाला, "हा डायनिंग टेबलला लाव." मग त्याने आईच्या वेळचे सागवानी पाट फोडून लाकडी भाग स्वतः घडवले. नळीच्या जागी भरीव दांडा बसवला, म्हणजे कुठूनही पाहिलं तरी खोटी ती खोटीच. उचलायचं हँडल, नेम धरायची पुढची माशी आणि खांद्याचा पट्टा मात्र बाहेरून मागवला.

पट्टा यायला महिना लागला. आम्ही तिघं रोज मोबाइलवर बघायचो, पार्सल कुठवर आलंय. त्या महिन्यात आप्पा निम्मे झाले. सुनील अजून म्हणतो, "घरची जुनी बॅग फाडून पट्टा शिवला असता तरी चाललं असतं गं. आपण कशाची वाट बघत बसलो?"

*

रायफल तयार झाली तेव्हा चादरीत गुंडाळून सुनील आणि मायकल रिक्षाने निघाले. वाटेत नाकाबंदी. हवालदाराने चादरीचं टोक उचललं आणि दोघांना खाली उतरवलं. गाळ्याचे कागद दाखवून झाले, भरीव दांडा दाखवून झाला, आप्पांची सगळी हकिकत सांगून झाली.

"म्हणजे खोटी आहे?"

"हो साहेब."

"मग लपवता कशाला? लपवल्यावर खरीच वाटते ना ती."

त्याने स्वतःच्या हाताने ती पुन्हा नीट गुंडाळून दिली.

*

आप्पांनी या वेळी रायफल पाहताक्षणी दोन्ही हातांत घेतली. मीनाने तर देवाला हात जोडले. आप्पा म्हणाले, "हलकी झालीय." मग खांद्याला टेकतो त्या लाकडी भागावर, म्हणजे बटावर, त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"नंबर कुठाय?"

प्रत्येकाच्या रायफलीच्या बटावर रंगाने नंबर घातलेला असतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

सुनील म्हणाला, "कोणता नंबर, आप्पा?"

आप्पांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "माझी रायफल तू शोधून आणलीस, आणि नंबर मला विचारतोस?"

आणि ते पुन्हा जिन्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सुनील गाळ्यात म्हणाला, "त्यांच्या शर्टाचं माप मला माहितेय. शुगर किती असते ते माहितेय. हे कधी विचारलंच नाही. ते फौजेचं सांगायला बसले की आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो." मायकल काहीतरी विनोद करेल असं वाटलं होतं. त्याने चहा मागवला.

नंबर काढला मीनाने. आप्पांच्या ब्रीफकेसचं आकड्यांचं कुलूप एकशे चौऱ्याहत्तरवर उघडायचं. प्रवासाच्या बॅगेचंही. सुनीलच्या लहानपणीच्या सायकलच्या साखळीचंही तेच. हाच आकडा का, हे त्या घरात कोणीच कधी विचारलं नव्हतं. मीना म्हणाली, "घालून तर बघा."

मी पांढऱ्या रंगाने १७४ घातला आणि कडा जराशा घासून घेतल्या. अंदाज चुकला असता तर पुढे काय, ते कोणालाच माहीत नव्हतं.

आप्पांनी आकड्यावरून बोट फिरवलं. पलंगावर बसले आणि रायफल मांडीवर आडवी घेतली. मग मीनाला म्हणाले, "सिस्टर, भाकरी असेल तर आणा."

*

शेवटचा किस्सा सुनीलने एकदाच सांगितला.

नंबर घातल्यापासून आप्पा चांगले जेवत होते, झोपत होते. एका सकाळी सुनील गाळ्यात यायला निघाला, तर आप्पा दारात उभे. दाढी केलेली, भांग पाडलेला, शर्ट खोचलेला. रायफल त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली.

"उस्ताद, जमा करून घ्या. माझी सुट्टी मंजूर झाली."

फौजेत सुट्टीवर जाताना हत्यारखान्याच्या उस्तादाकडे हत्यार जमा करून जावं लागतं, एवढं सुनीलला आता ठाऊक झालं होतं. त्याने ती घेतली, नंबर पाहिल्यासारखं केलं आणि विचारलं, "किती दिवस?"

"दोन महिने."

"घरी कोण कोण असतं?"

"बायको आहे. मुलगा आहे, तीन वर्षांचा. सुनील." आप्पा जरा लाजले. "मागच्या वेळी मला बघून रडला. आईच्या पदरात घुसला तो सुट्टी संपली तरी जवळ आला नाही. आता मोठा झाला असेल. या वेळी येईल ना जवळ?"

सुनील सांगता सांगता थांबला. हातातला पॉलिश पेपर उगाच उलटासुलटा करत राहिला. मायकलने विचारलं, "मग? तू काय बोललास?"

"म्हटलं, येईल."