तुरटी, टेम्पो आणि ठरलेलं लग्न

माझं लग्न झालं ते डाळमिलच्या टेम्पोवाल्या मामूमुळं. मुलगी मामानं पाहिली, जेवणं सासऱ्यानं घातली, अक्षता भावकीनं टाकल्या, हे सगळं खरं. पण मामू नसता तर नवरदेवच मांडवात आला नसता. म्हणून त्याचं नाव आधी घेतो, माझी फजिती मागून सांगतो.

मी मुखेडकडचा. शाळा सहावीत सुटली; म्हणजे शाळा जागेवरच होती, मी सुटलो. दुष्काळात गावातल्या विहिरींचे तळ दिसायला लागले तसा एसटीत बसून लातूरला आलो आणि एका डाळमिलमध्ये पोती उचलायला लागलो. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झालेला. जिकडंतिकडं नव्या पाट्या, नव्या जीपा आणि खणून ठेवलेले रस्ते. पाणी मात्र टँकरचं, तेही गढूळ. बादलीत तुरटी फिरवायची, गाळ खाली बसला की वापरायचं. अंघोळ म्हणजे दोन तांबे. तुरीचा भुसा अंगावर तसाच राहायचा.

त्यातच मला तो त्रास सुरू झाला. माझी पुढची कातडी आधीपासूनच तंग, पूर्ण मागं अशी कधी गेलीच नव्हती. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असणार. इचारायचं कुणाला? आता तिथं खाज, लाली आणि लघवीला आग. मी माझं डोकं चालवलं. जी तुरटी अख्ख्या टँकरचं पाणी साफ करते, तिला एवढीशी जागा साफ करायला काय जड जाणार? रोज भिजवून तुरटी फिरवायला लागलो. कातडीला चिरा पडल्या, आणि होती त्याहून ती जास्तच आवळली.

नेमका तेव्हाच मामा गावाकडून आला. पेढा पुढं करून म्हणाला, "जमलं बघ. वैशाखात बार उडवून टाकू."

"दुष्काळ हाय मामा. पुढच्या साली बघू की."

"दुष्काळातच पंगत लहान लागते येड्या. हाच मोका हाय!"

मामा गेला आणि मला जेवण जाईना. आपण लग्नाच्या कामाचे नाही, उद्या त्या पोरीचं वाटोळं होणार, हेच डोक्यात. गावाकडं नकार कळवावा असं मी मनाशी ठरवलंच होतं. डॉक्टरकडं जायची तर जास्तच भीती. डॉक्टर कापणार, आणि कापलेलं गावाला कळलं तर भावकी काय म्हणेल?

मग सुचलं, की या विषयातला जाणकार तर मिलमध्येच आहे. मामू पन्नाशीचा, मुसलमान, मिलचा टेम्पो चालवायचा. याची तर सुंता लहानपणीच उरकलेली. याला नाही कळणार तर कुणाला? टेम्पोच्या आडोशाला गाठून मी त्याला सगळं सांगितलं.

मामू इतका हसला की बिडी तोंडातून खाली पडली. "अरे बेटा, मेरा तो चार साल का था तबीच निपट गया! ज्याच्या घराला दारच न्हाई, त्याला तू कुलपाचं काय इचारायलास?"

मी रडकुंडीला आलो तसं त्यानं हसणं आवरलं. "डॉक्टरकडं चल," म्हणाला. मी म्हणालो, "नको, कापतील." "कापलं तर काय? मी मेलो का?" पण माझी हिंमत होईना. मी पळ काढला.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी चूक केली. मोरीत शिरलो, खोबरेल लावलं, दात आवळले आणि कातडी जोरानं मागं ओढली. गेली! क्षणभर वाटलं, जिंकलो. मग लक्षात आलं, की ती पुढं यायला तयार नाही. बोंडाच्या मागं रबर चढवल्यागत बसली आणि पुढचं सगळं बघता बघता सुजायला लागलं.

पाय फाकवून अंगणात आलो. मिलचे मालक, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे, गादीवरून ओरडले, "का रं, असा का चालायलास?"

माझ्याआधी मामूच बोलला, "पोत्याखाली आला आप्पा, दवाखान्यात नेऊन आणतो." आणि मला उचलून टेम्पोत घातलं.

जिल्हा झाल्याचा आनंद सगळ्या लातूरला झाला असेल. प्रत्येक खणलेल्या रस्त्याचं दुःख त्या दिवशी एकट्या मला कळलं. खड्डा आला की मामू आधीच ओरडायचा, "पकड!" काय पकडू, ते मात्र सांगायचा नाही.

दवाखाना एका डॉक्टरांचा, गोलाईच्या बाजारापलीकडं. बाहेर बाया बसलेल्या. आत गेलो, पडदा ओढला, तरी खरं सांगवेना. "पोटात दुखतंय," म्हणालो.

डॉक्टरांनी आडवं केलं, बेंबीवर दाबलं. "इथं?"

"थोडं खाली."

"इथं?"

"अजून खाली."

त्यांनी एकदम मांडी दाबली, मग गुडघा. "इथं?"

"त्याच्या वर," मी म्हणालो.

पडद्याबाहेरून मामूचा आवाज आला, "साब, बीच में रुको! बीच में!" बाहेरच्या बाया हसल्या. मी डोळे मिटले आणि नाडी सोडली.

डॉक्टर हसले नाहीत. "बरं झालं लवकर आलास," म्हणाले. "रात्रभर थांबला असतास तर रक्त अडकून नासलं असतं." मग ओल्या गार फडक्यात धरून कितीतरी वेळ हळूहळू दाबत राहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या महादेवाला सगळे नवस बोलून टाकले. सूज उतरली तशी त्यांनी अंगठ्यांनी बोंड मागं रेटलं, बोटांनी कातडी पुढं घेतली, आणि सुटलं! मी तसाच उडी मारून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "आधी पायजमा बांध," डॉक्टर म्हणाले.

चिरा कशानं पडल्या ते मी सांगितल्यावर विचारलं, "तुरटी कुणी सांगितली?"

"टँकरनं," मी म्हणालो.

"तुरटीनं पाणी निवळतं, कातडी आवळते. साबणही लावायचा नाही तिथं. साध्या पाण्यानं धुवायचं."

"पाणीच न्हाई साहेब."

"एक तांब्या तर आहे? बाकी अंग राहू दे, तेवढं धू."

त्यांनी लघवी तपासली. साखर असली तरी असा त्रास होतो म्हणे. माझ्यात नव्हती. मलम दिलं. चिरा भरल्या की रोज लावायचं, दुखणार नाही इतपतच कातडी मागं घ्यायची, आणि पुढं आणल्याशिवाय मोरीतून बाहेर पडायचं नाही. जोर लावायचा नाही. "यानं सैल झाली नाही तर छोटं ऑपरेशन आहे. त्यानं माणूस बाद होत नाही, आणि जातही बदलत नाही."

बाहेरून मामू म्हणाला, "बदलली तर मी हाय की सोबतीला!" यावर मात्र डॉक्टरही हसले.

ऑपरेशन लागलं नाही. वैशाखाच्या आधी कातडी सैल झाली, आणि गावाकडं नकार कळवायचा राहिला तो राहिलाच. मिलमध्ये कुणाला काही कळलं नाही. मामूनं सगळ्यांना पोत्याचीच गोष्ट सांगितली, आणि दर खेपेला ते पोतं जरा जड होत गेलं.

लग्नाला बोलावलं तर आला नाही. "तुझा सासरा इचारील, ओळख कशी झाली? तू खोटं बोलणार आन् मला हसू येणार," म्हणाला.

बायकोला आजवर एवढंच माहीत आहे, की लातूरला एक मामू आहेत, त्यांनी अडल्या वेळी हात दिला. कसली वेळ, ते मी सांगितलेलं नाही. पण एक दिवस तिला सगळं सांगणार. ती पोट धरून हसली तरी चालेल. मग लातूरला जाऊन मामूला इथं गावाकडं घेऊन येणार, माझ्या ओसरीवर बसवणार आणि तिला त्याच्या ताटात वाढायला सांगणार. एका जेवणानं हे फिटत नाही, मला ठाऊक आहे. पण मामू, सुरुवात तिथून करणार, हा माझा शब्द.