फास्ट चार्जरवरची सोयरीक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधे मी थोडा गंभीर होणार आहे. गोष्ट आमच्या कल्याणीच्या सोयरिकीची आहे, आणि त्यात मी, म्हणजे मुलीच्या बापानं, बमरोलीचं अख्खं चार्जिंग स्टेशन भरदुपारी बंद पाडलं.

आणि त्या स्टेशनचा सुपरवायझर कोण? तोही मीच.

सुरतभर इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगचे जे पॉइंट आहेत ना, त्यातले जुने काढून नवे फास्ट बसवायचं काम आमच्या ठेकेदाराकडे आहे. त्यातला पांडेसरा-बमरोलीचा भाग माझ्याकडे. जुना पॉइंट म्हणजे काय, टेम्पो लावून माणूस जेवून यायचा, डुलकी काढायचा, एखादं भांडण उकरून मिटवायचा, तरी बॅटरी आपली भरतच असायची. नवा म्हणजे चुटकीसरशी काम. त्याच आठवड्यात मी बमरोलीचे तिन्ही जुने डबे उतरवले आणि नवी मशीनं उभी केली. वर ड्रायव्हर मंडळींना भाषण ठोकलं, की आता तुमचा वेळ वाचणार. तो जुना वेळ ते कशात घालवत होते, हे मात्र मला विचारावंसं वाटलं नाही.

आता घरची बाजू ऐका. कल्याणी एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन काढते. तिला आवडतो रामदास आप्पांचा नीलेश. पोरगा कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात आहे, नाव ठेवायला जागा नाही. आप्पा आमच्यासारखेच खानदेशातले, मूळ पारोळ्याकडचे. इलेक्ट्रिक टेम्पोतून मिलमधले कापडाचे तागे मार्केटला पोचवतात. बोलायला एकदम कमी, आणि बोलले तर अहिराणीत. आणि येत्या रविवारी ते नीलेशसाठी मुलगी बघायला अमळनेरला निघाले होते.

सकाळी डबा हातात देताना कल्याणी म्हणाली, "पप्पा, आज आप्पांशी बोला. नीलेश म्हणतो, गाडी चार्जिंगला लावली की तेवढाच वेळ ते निवांत असतात. आज नाही बोललात, तर मग राहू द्या."

ते "राहू द्या" म्हणताना तिचा आवाज जो काही झाला, तो दिवसभर माझ्या कानात होता. एवढ्या तेवढ्यावरून रडणारी पोर नाही ती.

बोलायला काय लागतं, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या माणसांत सोयरिकीचा विषय कोणी एकदम काढत नाही हो. आधी पाऊसपाणी, मग कपाशी, मग गावाकडं कोण आजारी आहे, कोणाची वाटणी झाली, मग "तुमच्या लहान्याचं काय चाललंय", आणि मग कुठं हळूच पोरीचं नाव. बसल्या बसल्या सांगून टाकलं तर समोरच्याला वाटतं, पोरीत काहीतरी खोट आहे, म्हणून बापाला घाई झालीय. मुलाच्या बापानं तर आपणहून तोंडच उघडायचं नाही. जुन्या पॉइंटशेजारच्या बाकावर अशा सोयरिकी जुळताना मी डोळ्यांनी पाहिल्यात, आणि माझंही तिथंच जुळेल असं धरून चाललो होतो.

दुपारी आप्पा आले. मी लगबगीनं पुढं झालो, स्वतः केबल जोडून दिली आणि लारीवर, म्हणजे चहाच्या हातगाडीवर, दोन चहा सांगितले. आम्ही बाकावर बसलो.

"पाऊस काय म्हणतो तिकडं?"

"बरा शे."

"कपाशी?"

"कपाशी बी बरी शे."

"आणि तुमचा गुडघा?"

गुडघ्याबद्दल आप्पांकडं सांगण्यासारखं बरंच असतं. त्यांनी पाय लांब केला, घसा साफ केला, आणि मशीन टिंग करून वाजलं. बॅटरी फुल्ल.

मी हबकलोच. अजून चहासुद्धा आला नव्हता. फास्ट म्हणजे किती फास्ट असावं माणसानं, आपलं, मशीननं? मागं भरतभाईंची रिक्षा नंबर लावून उभी होती, त्यांनी हॉर्न दिला. आप्पा उठले, पण उठता उठता माझ्याकडं बघत राहिले. त्यांना काही म्हणायचंय, एवढंही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला दिसत होती फक्त अमळनेरची मुलगी.

"बसा आप्पा," मी म्हणालो. "नवं मशीन आहे, लवकर फुल्ल दाखवतं. परत लावून बघू."

परत लावलं. जोडतोय न जोडतोय तोच पुन्हा टिंग.

"बिघाड दिसतो," मी म्हणालो, मशीनला टेकल्यासारखं केलं आणि लाल बटण दाबलं. हे बटण आग लागली, शॉक बसला तर दाबायचं असतं. माझा हिशेब असा, की वीज गेली की केबल गाडीत अडकून बसते, पुन्हा चालू होईपर्यंत निघत नाही. म्हणजे आप्पा जातात कुठं? होणारा व्याही मी असा दावणीला बांधला.

पण तिन्ही मशीनं त्या एकाच बटणावर आहेत. सुरक्षेसाठी. वायरिंग माझीच. सगळं स्टेशन गप्प झालं.

"शुं थयुं, काका?" भरतभाई रिक्षातून उतरले. "जूनुं सारुं हतुं." म्हणजे जुनंच बरं होतं.

पलीकडच्या गाडीतला माणूस कावला होता. "अरे भाई, मेरी गाडी आधे में अटक गई. ये मशीन लगाया किसने?"

"हां ना, पता नहीं किसने लगाया," मी म्हणालो. माझ्या पाठीवर, जाकिटावर, या बोटाएवढ्या अक्षरांत सुपरवायझर लिहिलेलं आहे, हे मला दिसत नव्हतं. बाकी सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात ऑफिसचा फोन. "देविदासभाई, बमरोली बंद दिसतंय. ताबडतोब जाऊन बघा."

"निघालोच," मी म्हणालो. "वाटेत आहे. ट्रॅफिक फार आहे."

हे मी बाकावर बसून सांगत होतो, आप्पांच्या मांडीला मांडी लावून. आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा फोनकडं, आणि एव्हाना आलेला चहा घेतला.

आता माझ्याकडं वेळच वेळ होता. हवा तेवढा, फुकटचा. आणि मी काय केलं असेल?

"तर आप्पा," मी म्हणालो, "कपाशीचं काय म्हणत होतात?"

आप्पांनी कप खाली ठेवला. "भाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "नीलेशनी माले सकायलेच सम्दं सांगी दिधं. अमळनेरले फोन करी दिधा, येत नही म्हनीसन. गाडी तं मी घरथीनच चार्ज करी आणेल शे. म्हटलं, भाऊले बोलानं शे, तं जाईसन बसू."

"म्हणजे गाडी भरलेलीच होती?"

"तुमी केबल जोडी ना, तठेच दिसत व्हतं."

दिवसभर मशीनवरचे आकडे बघणं हे माझं पोट भरायचं काम. तेवढा एक आकडा मी बघितला नाही. मशीन फार फास्ट आहे, मशीननं माझा वेळ खाल्ला, असं म्हणत मी शहराचे तीन पॉइंट बंद पाडले. आणि इकडं एक कमी बोलणारा माणूस मला वेळ द्यायला गाडी भरून आला होता, माझी पाऊसपाण्याची चौकशी निमूट ऐकत होता. मला एकदम भरून आलं. लाजही वाटली. नव्या मशीनला मी उगाच शिव्या घातल्या. मला धीर नव्हता, आणि तो जुन्या डब्याखाली रात्रंदिवस बसलो असतो तरी आला नसता. पोरीला "नाही" ऐकावं लागेल, ही भीती बापाला कशी खाते, ते बाप झाल्याशिवाय कळत नाही.

"आप्पा, आमची कल्याणी तुमच्या घरात द्यायचीय," मी म्हणून टाकलं. भोवती सगळे उभेच होते. गाडी अटकलेल्या त्या माणसानं भरतभाईंना विचारलं, काय म्हणाला हा, आणि भरतभाईंनी त्याला सगळं हिंदीत समजावून सांगितलं. तो माणूस शिव्या द्यायचा थांबला.

"बरं शे," आप्पा म्हणाले. त्यांच्या मानानं हे भाषणच झालं.

मी उठून लाल बटण सोडवलं, ऑफिसला फोन लावून पोचल्याचं सांगितलं आणि मशीनं चालू करून घेतली. एवढ्या ट्रॅफिकमधून इतक्या लवकर पोचलो म्हणून साहेबांनी माझं कौतुक केलं. तेही आप्पांनी शांतपणे ऐकलं.

केबल निघाली. आप्पा टेम्पोत बसले आणि बाहेर डोकावून म्हणाले, "पन मनी एक अट शे, भाऊ."

मी मनात पैशांचा हिशेब सुरू केला. मुलाकडच्या माणसानं अट म्हटलं की दुसरं काय होणार? "बोला ना आप्पा. काय लागेल ते करू."

"लगीनमा मांडवले जनरेटर ऱ्हाई," आप्पा म्हणाले. "त्याले तुमी हात लावाना नही."