देवकाबाईची जीभ

धानोऱ्याच्या बसस्टँडसमोर देवकाबाईची खानावळ होती. कैरीच्या वरणापासून रसापर्यंत आंब्याचं सगळं काही ती करायची आणि तिच्या हातासारखं आंब्याचं जेवण मी नंतर कुठे जेवलो नाही. पण आंबा ती स्वतः जिभेला लावत नसे. कच्चा नाही, पिका नाही, लोणच्याची फोडसुद्धा नाही. रांधायची सगळं, चाखायची नाही.

मला हे ठाऊक नव्हतं. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी चंद्रपूरहून मोहफूल, चिंच, चारोळी, आमचूर खरेदी करायला धानोऱ्याला जायचो. बाप कोळशाच्या खाणीत मजूर. मला आयुष्यात कोणी काही सोडलं नव्हतं, म्हणून मीही कोणाला काही सोडत नव्हतो. भाव ठरवताना आवाज चढायचाच. पहिल्याच दिवशी तिच्या वरणाचा घास घेतला आणि ओरडलो, "बाई, मीठ दोनदा पडलं का यात? चाखून पाहत नाई का तुम्ही?"

शेजारी बसलेल्या कंडक्टरने मला हळूच कोपराने ढोसलं. देवकाबाई चुलीपासून उठली. ठेंगणी बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

"नाई पाहत," ती म्हणाली. "तू पाह्यजो. उद्या सकाळी ये, अन् आता बोंबलला तसाच बोंबल."

कारण मला कंडक्टरने बाहेर आल्यावर सांगितलं. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी फाल्गुनात सिरोंच्याकडे बांबू तोडायला गेला. अक्षय तृतीयेच्या आत येतो म्हणाला होता, तो आला नाही. त्यांच्या घरची रीत अशी की, अक्षय तृतीयेला घरच्या मालकाने पितरांचं पान मांडायचं, त्यावर आंबा ठेवायचा आणि मगच घरात कोणी नवा आंबा खायचा. मालक नाही, तर पान नाही. पान नाही, तर आंबा नाही. दिराने एकदा सुचवलं होतं, मी मांडतो पान, पण मग त्यात भावाचंही मांडावं लागेल. तिने त्याला पाण्यालाही न विचारता वाटेला लावलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. मग दर उन्हाळ्यात, धानोऱ्यात असलो की सकाळी तिच्या चुलीजवळ माझा पाट ठरलेला असे. ती पळीभर काहीतरी माझ्या तळहातावर ओतायची आणि तोंडाकडे बघत राहायची. सुक्या झिंग्यांत घातलेली कैरी, किसलेल्या कैरीचा टक्कू, मेथांबा, गुळांबा, रस काढल्यावर कोयी धुतलेल्या पाण्याचं सार. मी भांडायचो. गूळ कमी आहे, तिखट कोणासाठी टाकलं, हे काय वरण आहे की चिंचेचा कोळ. ती खूश व्हायची. "भांड अजून, भांडकुदळ्या. एवढ्यात थकला काय?" गावात मला देवकाबाईची जीभ म्हणू लागले. दुसरं कुठलं नाव कोणी ठेवलं असतं, तर मी त्याचा माल घेतला नसता.

पण तिला माझी गरज तशी थोडीच होती. कैरीला नख लावून तिचा चीक बोटावर घ्यायची, आणि कातडीला किती चुरचुरलं यावरून आंबटपणा ओळखायची. गुळांबा झाला की नाही हे कानाने. "आता बुडबुडे जाड आवाजात बोलून राह्यले, उतरव." जंगलातून बायका टोपल्या घेऊन आल्या की आंबा हुंगून झाड सांगायची. "हा नाल्यावरचा. याचा रस पातळ, शेवयासोबत चालते. अन् हा टेकडीवरचा, याले कच्चाच खाजो." फक्त मीठ आणि कडूपणा तिला नाकाने कळत नसे. तेवढ्यासाठी मी.

पहिल्याच उन्हाळ्यात एकदा मी खोटं बोललो. लग्नाच्या जेवणासाठी तिने मोठ्या पातेल्यात मेथांबा केला होता. पहाटेपासून उभी होती, पाय सुजले होते. मेथी जास्त पडून मेथांबा कडू झाला होता. मला दया आली. "छान झाला बाई," मी म्हणालो. "काही बदलू नका."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि गुळाची ढेप फोडायला घेतली.

"काऊन? मी छान म्हटलं ना."

"म्हणूनच. खरं बोलतं तवा तू भांडतं. खोटं बोलतं तवा शहाण्यासारखा बोलतं." गूळ पातेल्यात टाकत ती म्हणाली, "पुन्हा असं करजो नको. माह्या तोंडात तुझीच जीभ हाय."

मी पुन्हा असं केलं. तेच सांगायचं आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी मी मिरचीच्या सौद्यासाठी सिरोंच्याला गेलो होतो. वैशाख लागायला आठवडा होता. गोदावरीच्या काठावर एका झोपडीसमोर आंब्यांचे ढीग लावलेले. बाई तेलुगूत गिऱ्हाइकाशी बोलत होती, दोन पोरं वाळूत खेळत होती आणि बाजेवर एक माणूस बसला होता. त्याच्या डाव्या गालावर तीन उभे व्रण होते. देवकाबाईने मला ते कितीदा बोटांनी हवेत काढून दाखवले होते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मोहफुलं वेचताना अस्वलाने ओरबाडलेलं. "लाखात ओळखू येईन," म्हणायची.

तो आंबा चोखत होता. रस कोपरापर्यंत ओघळला होता.

"धानोऱ्याचे ना तुम्ही?" मी विचारलं.

त्याचा हात थांबला. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "होतो."

"पितराचं पान मांडलं का?"

"पान?" त्याला खरंच कळलं नाही. "कायचं पान?"

मी त्याची कॉलर धरली. पोरं रडायला लागली, त्याची बायको धावत आली. तो मात्र कॉलर सोडवून घेईना. आंब्याची कोय हातात धरून तसाच बसून राहिला. "तिथं आता कोणतं तोंड दाखवू, भाऊ?" एवढंच म्हणाला. मिरचीचा सौदा न करताच मी परतीची बस पकडली.

दिवसभर बसमध्ये मी माझ्याशीच घासाघीस करत होतो. जिवंत आहे म्हणून सांगावं, तर ती आणखी दहा उन्हाळे वाट बघेल आणि त्या माणसाच्या नावाचं कुंकू लावून दुसऱ्यांसाठी आंबे उकडत बसेल. मेला म्हणावं, तर एकदाच रडेल आणि सुटेल. मला तो सौदा बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर पाटावर बसलो. "बाई, सिरोंच्याला विचारलं. तुमचे मालक गेले. लई वर्षं झाली. पुरात गेले म्हणतात."

तिच्या हातातली कैरी तशीच राहिली. "नीट विचारलं?"

"हो."

"कोणाशी भांडला बिंडला नाईस?"

"नाही बाई. कशाला भांडू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पदराने कुंकू पुसलं. बांगड्या फोडल्या नाहीत. तेलाचा हात लावून एकेक काढल्या आणि लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवून दिल्या.

त्या अक्षय तृतीयेला मालकाने मांडायचं पान तिने स्वतःच्या हातांनी मांडलं. पळसाच्या दोन पत्रावळी, एक सासऱ्याची, एक सासूची. रस, शेवया, कैरीचं वरण. मी मुद्दाम धानोऱ्यात थांबलो होतो. तिसरी पत्रावळ दिसली नाही, पण मला वाटलं, दुःखाने हात धजला नसेल. नंतर तिने टेकडीवरचा एक आंबा घेतला, मऊ केला, देठ काढून तोंडाला लावला. अकरा वर्षांनी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कसा आहे?" मी विचारलं.

"आंबट हाय," ती म्हणाली.

त्यानंतर तिने माझ्या तळहातावर कधी काही ओतलं नाही. चुलीजवळचा पाट उचलला गेला. मी बाकीच्यांसारखा पंगतीत बसायचो, ती वाढायची आणि पुढे जायची. मला वाटायचं, अशुभ बातमी आणणाऱ्याचं तोंड नकोसं होतंच. राग यायचा. एकदा मुद्दाम ओरडलो, "मीठ कमी आहे!" पुढच्या पंगतीतून ती म्हणाली, "बरोबर हाय. मी चाखलं."

चार वर्षांनी फाल्गुनात ती गडचिरोलीच्या दवाखान्यात होती. मी दुपारी गेलो, खिशात एक कोवळी कैरी. तिने ती हुंगली. "नाल्यावरची," म्हणाली. मग उशीवरून मान वळवली.

"त्या दिवशी तू भांडला नाईस."

"तुम्हाले माहीत होतं?"

"दोनच पानं मांडली ना मी. जित्या माणसाचं पान कोणी मांडते काय?"

"मग बोलल्या काऊन नाई? शिव्या द्यायच्या होत्या मले!"

"सिरोंच्याहून एवढं ओझं माह्यासाठी उचलून आणलं तू," ती म्हणाली. "कोणत्या तोंडानं परत करू?" तिने कैरी उशाशी ठेवली. "पण मंग तुह्या जिभेवर भरोसा नाई राह्यला, बापा."

अक्षय तृतीयेपर्यंत ती राहिली नाही.

माझी तिच्यावर तक्रार आहे आणि ती मी सोडलेली नाही. मी जन्मभर भांडून कमावलं. ती माझ्याशी एकदा भांडली असती, तर मीही माझी बाजू मांडली असती, शेवटी कबूल झालो असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पाट चुलीजवळ असता. चार वर्षं तिने मला तशी संधीच दिली नाही.

तिला मूलबाळ नव्हतं. आता चंद्रपूरच्या माझ्या घरी अक्षय तृतीयेला तिच्या नावाचं पान मी मांडतो, आणि ते मांडेपर्यंत नवा आंबा जिभेला लावत नाही. चैत्रात बायको कैरीचं वरण करते आणि पातेलं पुढे करून विचारते, मीठ बरं आहे का. मी वाकून वास घेतो. मला काहीच कळत नाही.