नऊ सेंटिमीटरचं अंतर

सहावीच्या मुलांना भूमिती शिकवायला घेतली की पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट घोकून घेते: दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषाखंडाची लांबी. रस्ता कितीही वळणं घेऊ दे, अंतर सरळच मोजायचं. रेषेला टोक नसतं, किरणाला एकच असतं. रेषाखंडाला दोन्ही असतात, म्हणून तो मोजता येतो. आणि टोक चुकलं की सगळं चुकलं, हेही ठणकावून सांगते. हे सांगताना माझी जीभ कशी अडखळत नाही, याचं मलाच नवल वाटतं.

आमची इमारत घाटकोपरला, डोंगराच्या पायथ्याशी. आमच्याकडे चपात्या करायला येणारी बाई डोंगरावरच्या वस्तीत राहते, मूळची मालवणकडची. पाच वर्षांपूर्वी तिला मुलीला पहिलीत घालायचं होतं. डोंगराच्या पलीकडे एक चांगली खासगी शाळा आहे. तिथे गरिबांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात, आणि एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा नंबर आधी लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा होता.

"ताई, तुमीच भरा. माका त्या मोबाइलातला कायएक कळना नाय," ती म्हणाली.

मी पडले गणिताची बाई. ऐटीत भरायला बसले. शेवटी नकाशावर घराच्या जागी खूण करायची होती. नकाशात वस्ती म्हणजे नुसता करडा डाग, त्यात गल्ल्या दिसतच नव्हत्या. वस्तीतले सगळे पत्ता देताना आमच्याच इमारतीचं नाव सांगतात आणि पुढे 'च्या मागे, डोंगरावर' असं जोडतात. तिच्या आधार कार्डावरही तेच होतं. कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी आमच्या गेटवर बोट टेकवलं आणि अर्ज पाठवून दिला.

यादी लागली. किलोमीटरच्या आतली सगळी मुलं लागली, तिची मुलगी नाही. अर्जावर अंतर आलं होतं एक किलोमीटर चाळीस मीटर. समजूत घालायला म्हणून मी तिच्या घरी गेले आणि तिच्या दारात उभं राहून गुपचूप फोनवर मोजलं. नऊशे मीटर.

तक्रार करायला अजून चार दिवस होते. मला फक्त म्हणायचं होतं, "अगं, चूक माझी झाली." मी म्हणाले, "थोडक्यात हुकलं गं. नशीब." गणिताच्या बाईला अंतर मोजता आलं नाही, हे वस्तीभर झालं असतं. त्याची लाज वाटली, दुसरं काही नाही. तिने मला चहा पाजला. वर म्हणाली, "तुमी येवढा केल्यात, कोण करता आजकाल?"

ती मुलगी आता म्युनिसिपल शाळेत सहावीत आहे आणि माझ्याकडे शिकवणीला येते. मी तिला फुकट शिकवते म्हणून वस्तीत माझं कौतुक होतं. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गेल्या आठवड्यात मी मुलांना आमच्या भागाच्या नकाशाच्या झेरॉक्स दिल्या. एक सेंटिमीटरला शंभर मीटर. कुठलीही दोन ठिकाणं घ्या, रेषाखंड काढा, वहीत अंतर लिहा. बाकीच्यांनी स्टेशन घेतलं, मार्केट घेतलं. तिने पेन्सिलीला टोक काढून डोंगरावर बरोबर आपल्या घराच्या जागी एक बिंदू दिला आणि दुसरा पलीकडच्या त्या शाळेवर. पट्टी दोनदा लावली.

"टीचर, नऊच भरतंय. म्हणजे नऊशे मीटर. मग आई असं का बोलते, की आपलं घर लांब पडलं म्हणून?"

मुलं माना वर करून बघायला लागली. पाच वर्षं मी याच प्रश्नाला घाबरत होते, आणि तो आला तेव्हा उत्तर तोंडाशी होतं.

"पट्टी नीट लावली नसशील," मी म्हणाले.

तिने मान डोलावली. नऊ खोडला, खोडरबराचा चुरा फुंकून टाकला, पुन्हा मोजलं. पुन्हा नऊच आले असणार. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साडेदहा लिहिलं.

वही तपासायला आली तेव्हा मी त्या साडेदहावर बरोबरची खूण केली.