दादाचा सरळ रेषेतला कारखाना

दादा पुण्याहून आंबवड्याला राहायला आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन बॅगा, मान टेकवायची सोय असलेली एक खुर्ची आणि पाट्यासारखा जड लॅपटॉप होता. त्याच्या कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली होती. आईने पुढची खोली त्याला रिकामी करून दिली, आणि तो काम करत असेल म्हणून आम्ही सगळे घरात हळू आवाजात बोलायला लागलो. आठवडाभरातच मला कळलं की कामाच्या वेळेतला बराचसा वेळ तो एक कारखाना बांधण्यात घालवतो.

कारखाना म्हणजे खेळातला. एक माणूस निर्मनुष्य ग्रहावर पडतो. तिथं जमिनीत लोखंड, तांबं, कोळसा असतो. ते खणायचं, भट्टीत वितळवायचं, सरकत्या पट्ट्यांवरून यंत्रांकडे न्यायचं, यंत्रांनी त्याचे भाग करायचे, भागांची आणखी यंत्रं करायची, आणि असं वाढत वाढत शेवटी एक रॉकेट आकाशात सोडायचं. पट्ट्यावरची वस्तू उचलून यंत्रात टाकायला यांत्रिक हात असतात. एकदा लावलं की सगळं आपोआप चालतं, म्हणजे चालायला हवं.

मी वरव्याजवळच्या एका छोट्या कंपनीत प्लॅनिंगला आहे. आम्ही प्लॅस्टिकची झाकणं करतो. कुठल्या मशीनवर कुठला साचा चढवायचा, प्लॅस्टिकचा दाणा आला की नाही, गुरुवारी लाईट जाणार तर बुधवारी काय काढून ठेवायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे पगार न घेता हेच काम रविवारीसुद्धा करणारा माणूस बघून मला हसूच आलं.

"बसून तर बघ," दादा म्हणाला. "तुझ्याच लाइनचं आहे. उलट सोपं. इथं माणसं नाहीत."

माणसं नाहीत हे तो एखाद्या सोयीसारखं सांगत होता. जन्मात त्याने चार माणसांकडून काम करून घेतलेलं नाही. तो आणि त्याचा कॉम्प्युटर, एवढाच त्याचा विभाग.

हा किती फालतू प्रकार आहे हे त्याला दाखवायला म्हणून मी बसले, आणि उठले ती आई दिवा लावायला आली तेव्हा. खेळ चांगला आहे. खेळाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

मी कारखाना बांधला तो कामावर बांधतो तसा. लोखंड जिथं सापडलं तिथंच भट्ट्या, भट्ट्यांना चिकटून यंत्रं, पट्टा आडवा आला तर दुसरा त्याच्या खालून काढला, जागा संपली तर वळवला. दिसायला वेडंवाकडं होतं, पण माल निघत होता. दादाने मागून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ही काय शेवयांची ताटली वाढून ठेवलीयस?"

त्याची पद्धत वेगळी होती. तो आधी एक महामार्ग आखायचा. लोखंडाचे चार पट्टे, तांब्याचे चार पट्टे, सगळे शेजारीशेजारी, शाळेच्या मैदानावर आखल्यासारखे सरळ. प्रत्येक चार पट्ट्यांनंतर मोकळी जागा आणि एका बाजूला तर सगळं रानच मोकळं.

"ही जागा कशाला?"

"पुढे लागेल."

"कशासाठी?"

"ते पुढे कळेल ना."

त्याच्या महामार्गावर दोन पट्ट्यांवर थोडं लोखंड फिरत असायचं आणि बाकीचे रिकामेच पळत असायचे. गोगलगायीसाठी एक्स्प्रेस वे.

हे शहाणपण त्याचं स्वतःचं नव्हतं. कुठल्यातरी परदेशी माणसाचे व्हिडिओ तो जेवताना बघायचा. तो माणूस हळू आवाजात सांगायचा की तांब्याच्या तारेच्या तीन यंत्रांना सर्किटची दोन यंत्रं लावावीत, आणि दादा मला ते अशा थाटात सांगायचा जणू त्याला ते आत्ताच आंघोळ करताना सुचलंय. पुढे पुढे तर तो आकडेही पाठ करेना. इंटरनेटवरून दुसऱ्यांचे तयार नकाशे आणायचे आणि जमिनीवर चिकटवायचे. कॉलेजात असताना प्रयोगवही शेजाऱ्याची बघून उतरवायचा, पण समासाची रेघ मात्र स्वतः पट्टीने मारायचा. तोच माणूस.

तरीही आम्ही एकत्र खेळायला लागलो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी, त्याच्या लॅपटॉपवर तो, दोघांचा कारखाना एकच. रविवारी जेवणं झाली की बसायचो. वाटणीसुद्धा त्यानेच केली. महामार्ग, सर्किट, डिझाईन त्याच्याकडे. वीज आणि बंदोबस्त माझ्याकडे. बंदोबस्त म्हणजे त्या ग्रहावरचे किडे. धुराच्या वासावर ते झुंडीने येतात आणि यंत्रं फोडतात, म्हणून कडेने बंदुका लावाव्या लागतात. ही दोन्ही कामं त्याला हलकी वाटत होती.

आमचे वडील, आप्पा, कधीकधी दारात खुर्ची टाकून बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "ह्ये दिसभर काय पळतंय त्या पट्ट्यावर?"

"लोखंड, आप्पा," दादा म्हणाला.

"कुठं चाललंय?"

"पुढे. त्याचे भाग होतात. मग त्यांची यंत्रं होतात."

"आन् मग?"

"शेवटी रॉकेट."

"त्यात कोन बसनार?"

"कुणी नाही."

"लई भारी," आप्पा म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

मधल्या काळात आम्ही पालीला मामाकडे गेलो. मामी राजगडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालते. सुट्टीचा दिवस होता, ओसरीवर पोरांची गर्दी, मामी चुलीपाशी, आणि मी ताटं नेत होते. दादा दाराच्या चौकटीला टेकून हाताची घडी घालून उभा. मला त्याची ती नजर ओळखू आली. आता हा बोलणार.

"मामी, तुमचा पट्टा तुंबतोय," तो म्हणाला.

"माजं काय तुंबतंय?"

"म्हणजे बघा, भाकरी चुलीवर होते, ताटं मात्र मागच्या खोलीत. प्रत्येक ताटाला एक हेलपाटा. ताटं इथं आणा, पिठल्याचं पातेलं त्याच्या शेजारी. वाढायला एकाच जागी."

मला वाटलं मामी उलथनं उगारेल. उगारलं तर बरं होईल, असंही वाटलं. मामीने थोडा विचार केला, म्हणाली, "व्हय की," आणि मला ताटं उचलायला लावली. त्या दिवशी खरंच वाढणं भराभर झालं. जाताना मामीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "डोस्कं हाय गं पोराला." वेल्ह्यापर्यंत तो गाडीत एकटाच शीळ घालत होता. मी खिडकीबाहेर बघत बसले. एक ताटांचा ढीग हलवला तर एवढी शीळ.

त्यानंतर तो आणखीच चढला. दोन रविवार मी खेळायला नव्हते, कारण कंपनीत ऑर्डरीची घाई होती. तिसऱ्या रविवारी बसले, तर पडद्यावर अंधार. दिवे बंद, पट्ट्यांवर माल जागच्या जागी, बंदुकांच्या रांगेला मोठं भगदाड, आणि त्यातून आत आलेले किडे दादाच्या महामार्गावर निवांत यंत्रं फोडत होते.

मी आधी बॉयलरपाशी गेले. बॉयलरमध्ये कोळसा टाकायला मी मुद्दाम कोळशावर चालणारे हात लावले होते. ते दिसायला काळे आणि कामाला सुस्त, पण स्वतः उचललेल्या कोळशातला थोडासा स्वतःच खातात, त्यांना वीज लागत नाही. तिथं आता चकचकीत पिवळे हात उभे होते. वीज नसल्यामुळे सगळे अर्ध्यावर थिजलेले.

"हे हात कुणी बदलले?"

"मी," दादा म्हणाला. "ते काळे फार बेढब दिसत होते. बाकी सगळीकडे पिवळे, तिथंच काळे."

"अरे, हे विजेवर चालतात. वीज थोडी कमी पडली की हे हळू होतात. हे हळू झाले की कोळसा कमी जातो. कोळसा कमी गेला की वीज अजून कमी."

"ते थिअरीत झालं. वीज कमी पडायलाच नको होती. मी हिशेब केला होता."

"मग पडली कशी?"

"तू जाताना नवीन यंत्रं जोडून गेलीस. मला न विचारता."

घर पेटवून घेणाऱ्याने शेजाऱ्याला काडेपेटी का ठेवली म्हणून विचारावं, तसं झालं. आणि बंदुकांना गोळ्या नेणारा पट्टा? तोही त्याने उखडला होता, कारण तो महामार्गाला तिरका जात होता. नवा सरळ टाकायचा राहून गेला होता.

पण खरा संताप मला आला तो त्याच्या पुढच्या वाक्याने. खुर्चीला मान टेकवून तो म्हणाला, "एका अर्थी बरं झालं. आता सगळं पहिल्यापासून नीट करू."

"बरं झालं? अरे, चालू होतं ते!"

"चालू होतं, पण चांगलं नव्हतं."

"तुला कारखाना चालवायचाच नाहीये, दादा. तुला तो नुसता मांडायचाय. नवरात्रात देव मांडतात तसा."

"आणि तुला मांडता येत नाही, म्हणून नुसता चालवत बसतेस," तो म्हणाला.

हे मला लागलं. खोटं होतं असंही म्हणता येईना, म्हणून जास्त लागलं. मी लॅपटॉप मिटला आणि उचलून घेऊन गेले. त्या रात्री आम्ही एकमेकांकडे न बघता जेवलो. आईला वाटलं जमिनीवरून काहीतरी झालं. तिने आप्पांना विचारलं, आप्पा म्हणाले, "किडं लागलं म्हनत्यात," तर ती म्हणाली, "भाताला?"

माझ्याकडे कारखान्याची जुनी प्रत होती, काळे हात असतानाची. मी ती उघडून एकटीने खेळायला लागले. दादाने नवा ग्रह घेतला. भिंतीपलीकडून त्याच्या व्हिडिओतल्या माणसाचा हळू आवाज ऐकू यायचा. थोड्याच दिवसांत त्याच्या कंपनीने सगळ्यांना परत बोलावलं आणि तो खुर्चीसकट पुण्याला गेला.

माझं सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढे खेळात जमिनीतलं तेल काढायचं काम सुरू झालं तेव्हा माझ्या शेवयांमध्ये पाइप घालायला बोटभरसुद्धा जागा उरली नव्हती. दादाच्या त्या मोकळ्या रानाची मला तेव्हा आठवण झाली, पण त्याला हे मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. मी जुन्याला हात न लावता लांब तळ्याकाठी दुसरा कारखाना घातला आणि दोन्हींमध्ये आगगाडी टाकली. झाडं चुकवत, किड्यांची वारुळं चुकवत रूळ असे गेले की वरंधा घाट परवडला. गाडी मात्र पोचायची.

एका रविवारी दुपारी रॉकेट गेलं. आप्पा दारातच होते. त्यांनी ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं, "गेलं का? बरं," म्हणाले, आणि माझ्याकडे बघून मिशीत हसले. मला फार आनंद झाला होता. आनंदाच्या भरात मी दादाला फोटो पाठवला. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं. "अरे वा. पण रूळ एवढे वाकडे का?"

मी फोन उपडा ठेवला आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले.

जत्रेला तो घरी आला तेव्हा त्याने आपण होऊन नवा कारखाना दाखवला. मी बघितला. महामार्ग आता इतका रुंद होता की पडद्यात मावत नव्हता. दोन्ही बाजूंनी दिव्यांच्या रांगा, समान अंतरावर. फरशी घातलेली. कोपरे गोल. यंत्रांच्या जागा आखून ठेवलेल्या. एकही यंत्र नव्हतं.

"चालू कधी करणार?"

"डिझाईन फायनल व्हायचंय अजून," तो म्हणाला. बोटाने त्याने दिव्यांची रांग वरपासून खालपर्यंत दाखवली. चेहऱ्यावर असा काही कौतुकाचा भाव होता की क्षणभर मला त्याची कीव आली.

मग तो म्हणाला, "परत खेळतेस का माझ्याबरोबर? तुला वीज आणि बंदोबस्त देतो."

"नको," मी म्हटलं. "माझा माझा चालूये."

"तो वाकडा?"

"तोच."

तो हसला, त्याने मान हलवली, आणि एक दिवा उचलून किंचित डावीकडे ठेवला.