वास नसलेली घाण

विमलाला मासळीची किळस येऊ लागली, ही गोष्ट तोंडवलीत प्रथम कोणी खरी मानली नाही. नवऱ्यामागे मासे विकून जिने मुलगी वाढवली, तिने ताजा बांगडा पाहून पदर तोंडाला लावावा, हे शेजारणींना निव्वळ सोंग वाटले. कारण मात्र भाद्रपदातल्या तापात होते. ताप उतरला, पण जाताना तिच्या नाकाची मोडतोड करून गेला. सोलकढीला साबणाचा वास येई, भाताला ओल्या फडक्याचा. आणि मासळीला, कल्ले लालभडक असले तरीही, उकिरड्याचा. ‘येईल हळूहळू ठिकाणावर,’ असे डॉक्टर म्हणाले. बाजारात शेजारी बसणाऱ्या आनंदीबाई कुणकेश्वराला नारळाचा नवस बोलली. नाकाने दोघांचेही ऐकले नाही.

बाजाराच्या शेडीत विमलाची जागा दाराजवळची, म्हणजे गिऱ्हाइकाची पहिली नजर पडते ती. तिथला नियम कागदावर कुठेही नाही, पण तो मोडायची कोणाची छाती होत नाही. आजारी बाईची माशांची पाटी तिच्या जागेवर पालथी ठेवायची. ती तिथे असेपर्यंत दुसरीने बसायचे नाही. मात्र दसरा उलटूनही पाटी पालथीच राहिली, तर जागा सुटली असे धरायचे. कोपऱ्यात बसणारी सारिका यंदा दसऱ्याची वाट जरा जास्तच पाहत होती.

विमला घरात बसून होती. शेजारच्या होमस्टेत पर्यटकांसाठी सुरमई तळली जाई, त्यांनी टाकलेल्या काट्यांवर कावळे तुटून पडत, आणि ती खिडकी लावून घेई. त्यातच एके दुपारी तिची मुलगी समीक्षा मोबाइल डब्याला टेकवून, त्यात डोळे घालून बसलेली दिसली.

“काय बघतंस गो?”

“गेम.”

“खेळतंस?”

“नाय. खयचा तरी चेडू खेळता. मी बघतंय.”

विमलाला मासळीइतकीच त्याचीही शिसारी आली. “दुसऱ्यान जेवचा आणि तू ढेकर देवचो? हात मोडले तुझे?”

“आये, गावातली क्रिकेटची मॅच बघताना तुझे हात मोडतत?”

 पुढे दिवसभर, जाता-येता, ‘निर्लज्ज’ हा शब्द विमला कोणाला उद्देशून म्हणत होती, हे घरात स्पष्ट होते.

तिची त्या खेळाशी ओळख झाली ती मासे तळण्याच्या वासामुळेच. वास चुकवायला ती आतल्या खोलीत शिरली आणि तिथे समीक्षाचा मोबाइल चालू होता. पडद्यावर एक घर होते: भिंतींवर शेवाळ, पायऱ्यांवर चिखल, छपरावर पक्ष्यांची शीट. खेळणारी ती न दिसणारी मुलगी न कळणाऱ्या भाषेत हळूहळू बोलत पाण्याचा झोत फिरवत होती, आणि झोत जाईल तिथे घाण पट्ट्यापट्ट्यांनी निघत होती. आपण जरासेच पाहिले, असे विमला सांगते. समीक्षाच्या म्हणण्याप्रमाणे तेवढ्यात गॅसवरचा भात करपून कोळसा झाला. करपलेले भांडे पाहिलेले असल्याने समीक्षाच्या सांगण्याला अधिक वजन द्यावे लागते.

जन्मभर विमलाने घाण उपसली होती. खवले, आतडी, रक्ताचे पाणी, विरघळलेल्या बर्फाचा राखाडी गाळ. त्यातले काहीही धुऊन कधी गेले नाही; नखांत, केसांत, उशीत ते उरतच असे. इथे घाण होती, पण तिला वास नव्हता. ती निघत होती, आणि हात दुसऱ्याचे होते. रोज दुपारी ती समीक्षाआधी मोबाइलपाशी जाऊन बसू लागली. स्वतःची तिला पुरेपूर किळस वाटे; पण तेवढा वेळ नाकातला उकिरडा विसरायला होई.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आनंदीबाई आली आणि मोबाइलवर संडास धुतला जाताना पाहून दारातच थबकली.

“शी! दुसऱ्याचो संडास धुतलेलो बघतंस, आणि आपली जागा सोडतंस? सारिका परवा पाटी घेवन येतली.”

“नाक सांगता तां मी काय करू, आनंदीबाय?”

“नाक घराकडे ठेव. तू ये.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विमलाने जागेवरची पाटी उताणी करून बांगडे मांडले आणि नाकावर घट्ट फडके बांधले. घरी ही युक्ती तिला चांगली वाटली होती. बाजारात तिचा अर्थ निराळा निघाला. पहिलेच गिऱ्हाईक दोन पावले मागे सरले. “विकणारीच नाक बांधून बसली आसा. मासो कुसलेलो असतलो!” मागचे लोक दारातूनच परतले. ओळीतल्या साऱ्या बायका विमलावर तुटून पडल्या. “आमच्या पोटार पाय देतंस?” सारिका कोपऱ्यातून पाटी घेऊन पुढे आली आणि गोड आवाजात म्हणाली, “आजारी माणसान घराकडे बसाचा. मी बसतंय थंय.”

विमला फडके सोडायला धजेना. सोडले असते, तर पाटीतच ओकली असती. शेवटी तिने पिशवीतून समीक्षाचा मोबाइल काढला, तराजूला टेकवून धुलाईचा तो खेळ लावला, एका कानात इयरफोन घातला. पाण्याच्या झोताचा आवाज कानात सुरू झाला, तेव्हा कुठे तिने फडके सोडले. उकिरडा अंगावर आला. तोंडाने श्वास घेत, एक डोळा पडद्यावर ठेवून, तिने पहिला बांगडा विळीवर धरला. हातांना सवय होती. त्यांना नाकाची गरज पडली नाही.

“ताजे आसत?” एका गिऱ्हाइकाने संशयाने विचारले.

“कल्लो उघडून बघ,” ती दात आवळून म्हणाली. त्याने पाहिले, आणि घेतले.

सारिका पाटी उचलून पुन्हा आपल्या कोपऱ्यात सरकली. मांडीवर सांडलेल्या माशांच्या रक्ताचा विमलाला मनस्वी तिटकारा येत होता. बांगडे अर्धे उरले होते.

बऱ्याच वेळाने आनंदीबाई तिच्या तराजूला टेकवलेल्या मोबाइलकडे वाकली. आधी नाक मुरडले. मग चष्मा पुसला.

“त्या चेडवाक सांग गो,” ती कुजबुजली, “मागचो कोपरो धुवचो रवलो.”

“करतलां तां,” विमला म्हणाली. “तू तुझ्या गिऱ्हाइकांका बघ.”